लठ्ठपणावरची एंडोस्कोपी शिकवताना: आधी गुंतागुंत सावरणं, मग बलून आणि टाके

लठ्ठपणावरच्या एंडोस्कोपिक उपचारांचा अभ्यासक्रम आखताना पहिला मोह होतो तो बलूनपासून, म्हणजे जठरात जागा व्यापणाऱ्या फुग्यापासून, सुरुवात करण्याचा. बलून सोपा वाटतो, अर्ध्या तासात बसतो आणि शिकणाऱ्यालाही काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं. पण बलून बसवायला शिकलेला आणि फाटलेला जठर ओळखू न शकणारा डॉक्टर रुग्णासाठी धोकादायक असतो. म्हणून आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे: आधी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची बदललेली रचना वाचायला शिकवा, मग गळती (शिवणीतून जठरातला द्रव बाहेर झिरपणं), अरुंदपणा, व्रण आणि रक्तस्राव हाताळायला शिकवा, आणि त्यानंतरच वजन कमी करण्याची प्रक्रिया हातात द्या.

प्रवेशाची पायरी

प्रशिक्षणार्थीला नेहमीची वरची एंडोस्कोपी सहज जमत असावी हे उघड आहे, पण तेवढं पुरत नाही. क्लिप लावणं, इंजेक्शन देणं, बलूनने अन्ननलिका रुंद करणं, गाइडवायरवरून (नळी नेमक्या जागी नेणाऱ्या बारीक तारेवरून) काम करणं आणि क्ष-किरणाच्या पडद्याकडे बघत स्कोप फिरवणं या पाच गोष्टी त्याच्या हातात असायला हव्यात. गाइडवायरची सवय नसलेला माणूस गळतीच्या पोकळीत पिगटेल स्टेंट (टोकांना वेटोळं असलेली निचऱ्याची बारीक नळी) टाकायला जातो, वायर निसटते, आणि हवा भरून भरून पोकळी फुगवली जाते. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्याची शिस्तही इथेच लावा. तो लवकर शोषला जातो, त्यामुळे छिद्र पडलंच तरी पोटात वायू साठून राहण्याचा त्रास बराच कमी होतो. ताज्या स्टेपल लाइनजवळ (स्टेपलरने घातलेल्या शिवणीजवळ) किंवा टाके घालताना साधी हवा वापरणं हीच चूक मानावी.

एकट्या डॉक्टरला प्रशिक्षण देऊन उपयोग नाही. सहायक नर्स किंवा तंत्रज्ञ सोबत शिकलेच पाहिजेत, कारण टाक्यांच्या उपकरणात सुईची देवाणघेवाण, बलूनमधलं पाणी मोजणं, निगेटिव्ह प्रेशरचं (घाण शोषून घेणारं) यंत्र जोडणं ही कामं त्यांच्या हातून होतात. भूलतज्ज्ञालाही पहिल्या दिवसापासून बसवा. लठ्ठ रुग्णात झोपेतला श्वासरोध वारंवार आढळतो, मान जाड असते आणि आडवं झोपवल्यावर ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. टाक्यांची प्रक्रिया श्वासनळीत नळी टाकून, पूर्ण भूल देऊनच करायची. बलून काढतानाही श्वासमार्ग सुरक्षित केलेला बरा, कारण बलून असलेल्या जठरात उपाशी राहूनही अन्न शिल्लक असतं. वजनासाठी जीएलपी-१ गटाची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्येही जठर हळू रिकामं होतं. अशा रुग्णाला आदल्या दिवशी २४ तास फक्त पातळ आहार सांगणं आणि भूलतज्ज्ञाला आधीच कळवणं हे प्रशिक्षणार्थीच्या यादीत असायलाच हवं.

पहिला टप्पा: काय कापलं, काय जोडलं

स्लीव्ह (जठर कापून नळीसारखं केलेलं), रू-एन-वाय बायपास (जठराचा छोटा कप्पा, म्हणजे पाउच, थेट आतड्याला जोडलेला), एका जोडणीचा बायपास आणि गॅस्ट्रिक बँड (जठराभोवती बसवलेला पट्टा) या चार रचना नकाशाशिवाय ओळखता आल्या पाहिजेत. सर्जनची शस्त्रक्रियेची नोंद आधी वाचायची सवय लावा: बुजी (जठराचं माप धरायला आत घातलेली नळी) किती आकाराची होती, पाउच किती लांब, जोडणी हाताने की स्टेपलरने, बिलियरी लिंब (पित्त वाहून आणणारा आतड्याचा भाग) किती सेंटीमीटर. नोंद नसेल तर सर्जनला फोन करायचा. अंदाजावर स्कोप घालणं बंद.

बायपासमध्ये पाउच साधारण ३० मिलीलिटरचा असतो आणि जोडणी १० ते १५ मिलीमीटरची. जोडणी ओलांडल्यावर दोन तोंडं दिसतात, त्यातलं एक आंधळं असतं. नवखा हात त्या आंधळ्या टोकातच स्कोप रेटत राहतो आणि तिथेच छिद्र पडतं. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं, मागे यायचं, दुसरं तोंड शोधायचं. स्लीव्हमध्ये इन्सिसुरापाशी (जठराच्या लहान कडेवरच्या खाचेपाशी) स्कोप वळवावा लागतो. तो सहज जातोय की वळण घेऊनच जातोय, हे अहवालात लिहिलं गेलं पाहिजे. निव्वळ स्कोप पार गेला म्हणून अरुंदपणा नाही असं होत नाही, कारण नळीला पीळ बसला असेल तर स्कोप पार जातो आणि अन्न मात्र अडतं.

अहवालाचा ठरावीक साचा द्या: पाउचची लांबी, जोडणीचा व्यास, व्रण असल्यास जोडणीच्या जठराकडच्या बाजूला की आतड्याकडच्या, दिसणारे टाके किंवा स्टेपल, जठराच्या दोन भागांमधली फिस्टुला (नको तिथे तयार झालेला मार्ग). जोडणीचा व्यास नजरेने न सांगता उघडलेल्या बायोप्सी फोर्सेप्सशी किंवा ठरावीक मापाच्या बलूनशी ताडून सांगायचा.

गळती: सगळ्यात जास्त वेळ इथे

स्लीव्हनंतरची गळती बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या कोनापाशी होते. तिथला रक्तपुरवठा नाजूक असतो आणि नळीतला दाबही जास्त. खाली इन्सिसुरापाशी नळी अरुंद असेल तर वरचा दाब उतरतच नाही, आणि छिद्र बुजायला तयार होत नाही. खाली तुंबलेल्या नळाला वर पट्टी चिकटवून पाणी थांबत नाही, तसंच हे आहे. म्हणून प्रशिक्षणार्थीच्या डोक्यात पहिला प्रश्न 'छिद्र कसं बुजवू' हा नसून 'घाण बाहेर कशी काढू आणि खालचा अडथळा कसा मोकळा करू' हा असायला हवा.

काळानुसार गळतीची वर्गवारी पाठ हवी: ७ दिवसांच्या आत तीव्र, १ ते ६ आठवडे लवकरची, ६ ते १२ आठवडे उशिराची आणि १२ आठवड्यांपुढे जुनाट. उपचार याच क्रमाने बदलतो.

रुग्ण आल्यावर स्कोप हातात घेण्याआधी नाडी बघा. ताप नसताना, पोट फारसं न दुखता, फक्त १२० च्या पुढची नाडी हेच गळतीचं पहिलं लक्षण असू शकतं. लठ्ठ रुग्णाच्या पोटाची तपासणी फसवी असते. सीटी करा, अँटिबायोटिक्स सुरू करा. रुग्ण शॉकमध्ये असेल किंवा संपूर्ण पोटात घाण पसरली असेल तर तो सर्जनचा रुग्ण आहे, पोट धुऊन ड्रेन (द्रव बाहेर काढणारी नळी) टाकल्यावर एंडोस्कोपीची पाळी येते. हा निर्णय प्रशिक्षणार्थीकडून तोंडी वदवून घ्या, कारण चुकीच्या वेळी केलेली सुंदर प्रक्रियाही रुग्णाला वाचवत नाही.

पोकळी मर्यादित असेल तर आतून निचरा करणाऱ्या दुहेरी पिगटेलपासून शिकवा. छिद्रातून कॅथेटर घालून थोडं कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणात दिसणारं द्रव्य) सोडा, पोकळीचा आकार पडद्यावर बघा, गाइडवायर आत गुंडाळली जाऊ द्या. मग ७ ते १० फ्रेंच जाडीचे, ३ ते ५ सेंटीमीटर लांबीचे एक किंवा दोन पिगटेल टाका, एक वेटोळं पोकळीत आणि दुसरं जठराच्या पोकळीत. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी बघून गरज पडल्यास बदला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरचा ड्रेन तसाच चालू ठेवणं. बाहेरचा ड्रेन ओढत राहिला तर द्रव जठराकडे न येता त्वचेकडेच जातो आणि फिस्टुला पक्की होते. आतला निचरा नीट सुरू झाला, रुग्ण स्थिर झाला की बाहेरचा ड्रेन टप्प्याटप्प्याने मागे घ्यायचा. दुसरा धोका पिगटेलचं टोक प्लीहेला किंवा एखाद्या रक्तवाहिनीला घासण्याचा. म्हणून पोकळी लहान झाल्यावर लांब स्टेंट आत विसरायचा नाही.

मोठी, घाण पोकळी असेल तर निगेटिव्ह प्रेशरची पद्धत. स्पंज पोकळीपेक्षा थोडा लहान कापा, नाकातून घातलेल्या नळीच्या टोकाला रेशमी टाक्याने घट्ट शिवा, नळीची सगळी छिद्रं स्पंजच्या आत आहेत हे डोळ्यांनी तपासा. एक छिद्र बाहेर राहिलं तरी दाब तयार होत नाही. फोर्सेप्सने टोकाच्या टाक्याला धरून स्कोपसोबत स्पंज पोकळीत नेऊन सोडा. साधारण १२५ मिलीमीटर पारा इतका सततचा ऋण दाब लावतात. दर ३ ते ५ दिवसांनी स्पंज बदलावाच लागतो. जास्त दिवस ठेवला तर मांस स्पंजमध्ये वाढतं आणि काढताना रक्तस्राव होतो. काढण्याआधी दाब बंद करून नळीतून सलाइन सोडा, स्पंज भिजू द्या, मग हलक्या हाताने ओढा.

पूर्ण आच्छादित धातूचा स्टेंट लवकरच्या गळतीत उपयोगी पडतो, विशेषतः खालचा अरुंदपणाही त्याच लांबीत झाकला जात असेल तर. पण तो सरकतो, आणि रुग्णाला मळमळ, आम्ल वर येणं आणि छातीत दुखणं सोसावं लागतं. वरच्या कडेला टाका किंवा क्लिपने अडकवणं, ४ ते ८ आठवड्यांत काढून घेण्याची तारीख तो टाकतानाच लिहून ठेवणं, या दोन सवयी लावा. मोठ्या ओव्हर-द-स्कोप क्लिपचा मोह आवरायला शिकवा. कडा मऊ, ताज्या आणि छिद्र लहान असेल तरच ती धरते. तंतुमय झालेल्या जुन्या कडेवर ती सुटते आणि पुढच्या उपचारांची वाट अडवते.

उशिराच्या आणि जुनाट गळतीत पोकळी आणि स्लीव्ह यांच्यामध्ये एक पडदा तयार झालेला असतो. तो पडदा नीडल नाइफने (सुईसारख्या विद्युत चाकूने) किंवा आर्गॉनने (आर्गॉन वायू आणि विजेने भाजणाऱ्या साधनाने) तळापर्यंत छेदला की दोन्ही जागा एक होतात आणि घाण आपोआप खाली वाहते. त्यासोबत खालचा भाग ३० मिलीमीटरच्या बलूनने रुंद करावा लागतो, नाहीतर पडदा छेदून हाती काही लागत नाही. एका बैठकीत पूर्ण कापण्याची घाई नको, दोन-तीन बैठका लागल्या तरी चालतील.

आणि अन्न. तोंडाने बंद असलेल्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून नाकातून आतड्यात नळी किंवा जेजुनोस्टोमी (पोटाच्या भिंतीतून आतड्यात घातलेली नळी) हवी. आठवडाभर सलाइनवर ठेवलेल्या रुग्णाची गळती भरत नाही.

अरुंदपणा, व्रण, रक्तस्राव

स्लीव्हच्या अरुंदपणाला अॅकॅलेशियाचा, म्हणजे वायूने फुगणारा ३० मिलीमीटरचा बलून वापरतात. नेहमीचे १८-२० मिलीमीटरचे बलून इथे कमी पडतात. वायर ड्युओडिनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) खोल हवी, बलूनची कंबर इन्सिसुरावर आली आहे हे पडद्यावर बघून हळूहळू फुगवायचा. २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने ३५ पर्यंत जाता येतं. दोन-तीन प्रयत्नांत फरक पडला नाही तर सर्जनकडे, बायपासमध्ये रूपांतर करण्यासाठी.

बायपासच्या जोडणीचा अरुंदपणा वेगळा. इथे एका बैठकीत १२ ते १५ मिलीमीटरच्या पुढे जायचं नाही. जास्त ताणल्यास छिद्र पडतं आणि जोडणी सैल होऊन पुढे वजन परत वाढायचाही धोका राहतो.

या दोन्ही रुग्णांत एक गोष्ट कुठल्याही तंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. दोन-तीन आठवडे उलट्या करत आलेल्या रुग्णाला डेक्स्ट्रोजची बाटली लावण्याआधी शिरेतून थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्या. थायमिन संपलेल्या शरीरात ग्लुकोज गेलं की वेर्निके एन्सेफॅलोपथी ओढवू शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि स्मृतीवरचं नुकसान कायमचं राहू शकतं. हा ऑर्डर एंडोस्कोपी युनिटच्या छापील कागदावर सगळ्यात वर असावा.

जोडणीजवळचा व्रण बहुतेक वेळा आतड्याकडच्या बाजूला असतो. तंबाखू, वेदनाशामक गोळ्या, हेलिकोबॅक्टर (जठरातला जिवाणू), आत उघडा पडलेला टाका आणि जठराच्या दोन भागांमधली फिस्टुला ही कारणं एकेक करून शोधायची. प्रोटॉन पंप इनहिबिटरची (आम्ल कमी करणाऱ्या औषधाची) कॅप्सूल उघडून, आतले दाणे द्यायला सांगा. पाउच लहान आणि वाहतूक जलद असल्याने अख्खी कॅप्सूल विरघळायच्या आतच पुढे निघून जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघडलेल्या कॅप्सूलने व्रण भरायला मध्यक ९१ दिवस लागले आणि अख्ख्या कॅप्सूलने ३४२. सोबत सुक्राल्फेट (व्रणावर थर देणारं औषध). दिसणारा सैल टाका कात्रीने कापून काढता येतो, ओढून काढायचा नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतला रक्तस्राव बहुधा स्टेपल लाइनमधून होतो. क्लिप लावा, उष्णतेचा वापर टाळा. आतड्यांच्या खालच्या जोडणीतून रक्त येत असेल तर स्कोप तिथवर पोहोचणार नाही, हे लक्षात ठेवून सर्जनला लवकर बोलवा.

बलून

लठ्ठपणाच्या उपचाराकडे आता वळायचं. २०२४ च्या अमेरिकन आणि युरोपीय एंडोस्कोपी संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३० किंवा अधिक, किंवा २७ ते २९.९ आणि लठ्ठपणाशी संबंधित किमान एक आजार, अशा प्रौढांमध्ये जीवनशैलीतल्या बदलांसोबत एंडोस्कोपिक उपचारांचा विचार करता येतो.

पाण्याच्या बलूनमध्ये ४०० ते ७०० मिलीलिटर सलाइन आणि थोडं मेथिलीन ब्लू भरतात, म्हणजे बलून फुटला तर लघवी निळी-हिरवी होऊन कळतं. रुग्णाला जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता आहे का आणि सेरोटोनिन वाढवणारी नैराश्याची औषधं सुरू आहेत का, हे आधी विचारा. दोन्हींमध्ये मेथिलीन ब्लू त्रासदायक ठरू शकतं. आधीची जठराची शस्त्रक्रिया, मोठा हायेटल हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं), ताजा व्रण असेल तर बलून नाही.

आधी स्वच्छ एंडोस्कोपी, मग बलून आत, मग शेजारून पुन्हा स्कोप. संपूर्ण बलून जठरात उतरल्याचं डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही सिरिंज रिकामी करायची नाही. अर्धा अन्ननलिकेत असताना भरलेला बलून अन्ननलिका फाडू शकतो. भरल्यावर कॅथेटरमध्ये ऋण दाब घेऊन झडप बंद झाल्याची खात्री करा, मग कॅथेटर हळुवार झटक्याने सोडवा. पहिले तीन ते सात दिवस मळमळ आणि कळा अपेक्षित आहेत, औषधं आधीपासूनच सुरू हवीत, आणि बलून असेपर्यंत प्रोटॉन पंप इनहिबिटर चालू.

काढणं हे बसवण्यापेक्षा अवघड, आणि छिद्र पडण्याचा धोका इथेही असतो. नेहमीचे बलून सहा महिन्यांत काढतात. सुई बलूनच्या भिंतीला काटकोनात लावा. तिरपी लावली की ती घसरते. सुईची प्लास्टिकची नळी आत सरकली की सुई मागे घेऊन सगळं पाणी ओढा. थोडंही पाणी राहिलं तर अन्ननलिकेच्या वरच्या स्फिंक्टरपाशी (स्नायूंच्या झडपेपाशी) बलून अडकतो. हायोसिन देऊन स्नायू सैल करा, दोन आकड्यांच्या ग्रास्परने (चिमट्याने) घट्ट पकडून एका लयीत बाहेर या.

टाक्यांची स्लीव्ह

स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून काढतात. इथे आतून टाके घालून ते आखूड आणि अरुंद केलं जातं. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या मेरिट चाचणीत ५२ आठवड्यांनी एकूण वजनाच्या १३.६ टक्के घट झाली, तुलनेच्या गटात ०.८ टक्के. गंभीर गुंतागुंत सुमारे २ टक्के. हे आकडे रुग्णाला सांगण्यासाठी आहेत. शस्त्रक्रियेइतकी घट मिळेल असं आश्वासन कोणी देत असेल तर तिथेच थांबवा.

सराव डुकराच्या काढलेल्या जठरावर सुरू करा, आणि तिथेही ओव्हरट्यूब (स्कोप आत-बाहेर करताना घशाला जपणारी नळी), स्कोप आणि सहायक खऱ्या मांडणीतच हवेत. पहिल्या दिवशी फक्त सुईची देवाणघेवाण: हँडल बंद, सुई पलीकडे, हँडल उघडं. हे शंभर वेळा झालं तरी कमीच. अँकर (धाग्याच्या टोकाची सुईवजा खुंटी) सोडायचं बटण चुकून आधीच दाबलं गेलं की सुई पोटात सुटते आणि टाका अर्धवट असताना बांधावा लागतो. ही चूक सरावात मुद्दाम घडवून आणा आणि त्यातून बाहेर पडायला शिकवा.

खऱ्या प्रक्रियेत आधी अँटिबायोटिकचा डोस, ओव्हरट्यूब, कार्बन डायऑक्साइड. आर्गॉनने पुढच्या आणि मागच्या भिंतीवर खुणांच्या रेषा काढा. त्या नसल्या की चौथ्या टाक्यानंतर दिशा हरवते. सुरुवात इन्सिसुराच्या पातळीवर. पुढची भिंत, मोठी वक्र कड, मागची भिंत, मग थोडं वर येऊन उलट क्रमाने परत. एका धाग्यात साधारण ६ ते १२ चावे (सुई भिंतीतून काढण्याच्या खेपा), आणि एकूण ५ ते ८ धागे. हेलिक्सचे (ऊती पकडून ओढणाऱ्या मळसूत्री आकड्याचे) तीनेक फेरे देऊन ऊती स्कोपच्या बाहूंमध्ये ओढून घ्या, चावा भिंतीच्या पूर्ण जाडीतून गेला पाहिजे. उथळ चावा आठवड्यातच फाटतो. हेलिक्स अडकला तर ओढायचं नाही, सगळे फेरे उलटे फिरवून सोडवायचा, कारण बाहेरचं ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) किंवा पित्ताशय त्यात आलेलं असू शकतं. एका धाग्यातले चावे पूर्ण झाल्याशिवाय धागा ओढायचा नाही, आणि प्रत्येक चाव्यानंतर धागा स्कोपभोवती गुंतला नाही ना ते बघायचं.

फंडस (जठराचा वरचा घुमटासारखा भाग) सोडून द्यायचा. तिथली भिंत पातळ, पलीकडे प्लीहा आणि डायफ्राम (श्वासपटल). अजून एक टाका घालू का, असं वर गेल्यावर वाटतंच, आणि जठराबाहेर द्रव साठणं, रक्तस्राव यांसारख्या गुंतागुंतींची सुरुवात बहुधा त्याच मोहात असते. प्रक्रियेनंतर वाढत जाणारी डाव्या खांद्याची वेदना, ताप, चढती नाडी यांवर सीटी काढा. पायांच्या रक्तगाठींचा प्रतिबंध आणि त्याच दिवशी चालायला लावणंही विसरायचं नाही.

बायपासनंतर सैल झालेली जोडणी आवळण्याची प्रक्रिया याच उपकरणाने होते: कडेभोवती आर्गॉनने भाजून, गोलाकार टाका घालून, ८ मिलीमीटरच्या बलूनवर तो बांधायचा. टाक्यांची स्लीव्ह जमल्यानंतर ती पटकन येते, म्हणून तिला वेगळा महिना देण्याची गरज नाही.

एकट्याने कधी

दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर कोणालाही एकट्याने रुग्ण देऊ नये. प्रसिद्ध झालेल्या अनुभवांमध्ये टाक्यांच्या स्लीव्हची वेळ ३० ते ४० रुग्णांनंतर स्थिरावलेली दिसते, आणि सफाई त्यानंतरही वाढत राहते. आमच्या मते निदान पहिल्या दहा रुग्णांत अनुभवी डॉक्टर खोलीत हजर हवा, फोनवर असून चालणार नाही. मूल्यमापन वेळेवरून न करता व्हिडिओवरून करा: प्रत्येक चावा पूर्ण जाडीचा होता का, फंडस मोकळा राहिला का, किती वेळा सुई हुकली, अडकल्यावर हाताने काय केलं.

आणि परवानगी देण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. रात्री दोन वाजता या रुग्णाची नाडी १३० झाली तर फोन कोण उचलणार? सीटी त्याच इमारतीत होतं का? बॅरिअॅट्रिक (लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया करणारा) सर्जन किती मिनिटांत पोहोचेल? बलून ज्या तारखेला काढायचा त्याच्या महिनाभर आधी रुग्णाला आठवण कोण करून देणार? चारही ठिकाणी कामाच्या जबाबदारीसह माणसाचं नाव लिहिलेलं असेल, तरच ते केंद्र प्रक्रिया सुरू करायला तयार आहे.